मशीनवर गोधडीचा धावदोरा

घरात साठलेल्या सुती साड्यांची गोधडी करायची, पण मनगटाच्या दुखण्यामुळे हाताने शिवायची नाही, एवढे ठरल्यावर प्रश्न उरला तो दिसण्याचा. मशीनची शिवण सलग असते. गोधडीवरचा धावदोरा मात्र एक टाका वर, एक टाका खाली असा तुटक दिसतो. तो मशीनवर आणण्याची युक्ती अशी, की वर नायलॉनचा पारदर्शक दोरा ओवायचा, बॉबिनमध्ये, म्हणजे सुईखालच्या छोट्या रिळात, उठावदार रंगाचा सुती दोरा भरायचा आणि वरचे टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, इतके वाढवायचे की खालचा दोरा वर खेचला जाऊन तुकड्यातुकड्यांनी दिसू लागेल. साड्यांचे थर अंथरून कच्चे टाके घालण्याचे काम विनासायास झाले.

घोडे अडले ते टेन्शनवर. एरवी चारच्या आसपास असणारी चकती सात-आठवर नेली, तरी वर नुसते सुईच्या टोकाएवढे ठिपके येत. त्यापुढे नेली की पारदर्शक दोरा तटकन तुटे. म्हणून मशीन दुरुस्तीच्या दुकानात नेले. तिथल्या कारागिराने नमुना पाहताच 'खालचा दोरा वर येतोय' हाच दोष ठरवला आणि मला नेमके तेच हवे आहे, हे वाक्य मी पूर्ण करण्याआधी मशीन आत नेले. परत मिळाले तेव्हा शिवण दोन्ही बाजूंनी काटेकोर सारखी येत होती, आणि त्याचे बिलही लावलेले होते. खालचा दोरा वर दिसू नये, हे शिवणाच्या वर्गात पहिल्याच धड्यात बजावतात हे खरे. पण गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकून घ्यायला पैसे पडत नाहीत. पुन्हा नेले, तर दुसऱ्या कारागिराने मशीन जुने झाल्याचे निदान करून नवे घेण्याचा सल्ला दिला.

अखेर उपाय निघाला तो बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीच्या, बारीक स्क्रूत. तो डावीकडे अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, फिरवला की खालचा दोरा सैल सुटतो आणि वरच्या दोऱ्यावरचा भार कमी होतो. यासाठी वेगळी बॉबिन केस विकत घ्यावी, म्हणजे रोजच्या शिवणाची बसलेली घडी मोडत नाही. त्याच्या जोडीला अकरा नंबरऐवजी चौदा नंबरची सुई लावली, कारण छिद्र मोठे झाल्यावर सुती दोरा सहज वर येतो. आणि साध्या टाक्याऐवजी दोनदा पुढे, एकदा मागे जाणारा तिहेरी टाका निवडला. गडद निळ्या इरकलीवर पांढरा दोरा भाताच्या शितांसारखा उठून दिसला, तेव्हा त्या दुकानात जाऊन नमुना दाखवण्याचा मोह मला झाला होता.

आधीच सांगायला हवे होते, की पारदर्शक दोरा रिळावरून उसळ्या मारत सुटतो, म्हणून रीळ मशीनमागे स्टीलच्या पेल्यात ठेवावे आणि शिवण सावकाश चालवावी. मासेमारीचा नायलॉन दोरा दुकानदार गळ्यात मारू पाहतात, तो जाड असल्याने घेऊ नये. गोधडीच्या मागच्या बाजूला मात्र सुती दोऱ्याची सलग रेघ दिसतेच, त्यामुळे खालच्या थराला छापील साडी घेणे बरे. नायलॉन उष्णतेने वितळत असल्यामुळे तयार गोधडीवर कडक इस्त्री फिरवू नये.