आमची वाटचाल : खुर्चीतून उठण्याची चार मिनिटं

पहिली तीन वर्षं आम्ही दुसऱ्यांचे नृत्याचे कार्यक्रम चित्रित करून देत होतो. सभागृहात मागे एक कॅमेरा, बाजूला एक, आणि रात्री बसून संकलन. काम नियमित मिळायचं, पैसेही वेळेवर यायचे. पण प्रत्यक्ष पाहताना ज्या क्षणी अंगावर काटा आलेला असायचा, नेमका तोच क्षण पडद्यावर सपाट दिसायचा. कॅमेरा साधा आहे असं वाटलं म्हणून चांगला घेतला. तरी तेच.

सभागृहात पाऊल आपटलं की त्याची थरथर आपल्या खुर्चीपर्यंत येते, नर्तकाला लागलेली धाप ऐकू येते. पडद्यावर यातलं काहीच आपोआप उतरत नाही. सगळ्यात आधी हरवतं ते शरीराचं वजन. ते वेगळ्या वाटेने परत आणावं लागतं, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

त्याच सुमारास माझ्या आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. फिजिओथेरपिस्ट तिला खुर्चीतून उठायला शिकवत : पावलं मागे घ्या, कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्या, मग उठा. वर यायचं तर आधी पुढे झुकावं लागतं, हे मी आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं. माझी भागीदार नृत्यदिग्दर्शक आहे. ती एकदा आईला भेटायला आली, अर्धा तास गप्प बसून पाहत राहिली आणि निघताना म्हणाली, "ताई, आपण हे करू या. एवढंच, दुसरं काही नको."

आमचा पहिला लघुनृत्यपट असा ठरला. एक नर्तकी, एक खुर्ची, चार मिनिटं.

आणि तो आम्ही चुकीचा केला. करुण संगीत घातलं, नर्तकीच्या चेहऱ्यावर वेदना आणली, उठण्याचा क्षण संथ गतीत दाखवला. आईला दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मी एवढी दुःखी नव्हते. मी मोजत होते. एक, दोन, तीन."

त्या एका वाक्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं आहे. आम्ही सगळं चित्रीकरण बाजूला ठेवलं आणि नव्याने सुरुवात केली. संगीत काढलं. कॅमेरा खुर्चीच्या बैठकीच्या उंचीवर आणला, चेहऱ्याऐवजी पाठ आणि तळवे दाखवले. हाताचा लाकडावरचा दाब, तळपायाची जमिनीवरची घसट, श्वास हे सगळे आवाज वेगळे ध्वनिमुद्रित केले. पडद्यावर वजन बहुतेक वेळा कानातून येतं, असा माझा आता ठाम विश्वास आहे.

त्याच दिवसांत आम्ही प्रायोगिक चित्रपट करणाऱ्या अमेरिकन दिग्दर्शिका माया डेरेन यांचा १९४५ सालचा एक छोटा मूकपट पुन्हा पुन्हा पाहत होतो. त्यात नर्तक टॅली बीटी रानात पाय उचलतो आणि तो पाय एका खोलीत टेकतो. पाय एकच, जागा दोन. तिथे संकलनच नाचतं. दुसरीकडे हॉलिवूडच्या संगीतपटांतले नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असायचा की नर्तक डोक्यापासून पायापर्यंत दिसावा आणि मध्ये कात्री कमीत कमी लागावी. आमच्या उठण्याच्या प्रसंगाला ही दुसरी वाट हवी होती. मध्ये कुठेही तोडलं तर पडण्याची भीती निघून जायची. तो भाग शेवटी १ मिनिट ४० सेकंदांच्या एकाच सलग टेकमध्ये घेतला.

संथ गतीबद्दल अजूनही आमच्याकडे वाद होतात. तीस सेंटीमीटरच्या उडीत माणूस साधारण अर्धा सेकंद हवेत असतो. सेकंदाला १०० फ्रेमने टिपून २५ ने दाखवलं की त्याचे दोन सेकंद होतात. सुंदर दिसतं, पण शरीर किती वेगाने खाली यायला हवं हे पाहणाऱ्याच्या अंगाला माहीत असतं, आणि त्याला तिथे वजन सापडत नाही. स्वप्न किंवा आठवण असेल तरच आम्ही ते वापरतो.

पहिल्या नृत्यपटाने वर्षभर एक पैसा दिला नाही. कार्यक्रमांच्या चित्रीकरणावर घर चालवलं. मग एका पुनर्वसन केंद्राने तो रुग्णांच्या नातेवाइकांना दाखवण्यासाठी मागितला आणि तिथून मागण्या येऊ लागल्या. एका संस्थेने मात्र आमच्याकडून नृत्यपट करून घेतला आणि न विचारता त्यावर निवेदन चढवलं, प्रत्येक हालचालीचा अर्थ सांगणारं. ते पाहून आमची नर्तकी रडली. करारात तसं कलमच नव्हतं. आता असतं : ध्वनी आणि संकलन आमच्या संमतीशिवाय बदलायचं नाही, नृत्यदिग्दर्शकाचं नाव श्रेयनामावलीत हवंच, संगीताची परवानगी चित्रीकरणाआधी लेखी.

एक नियम आम्ही स्वतःसाठी केला. प्रकाशयोजना लावताना नर्तकाला ताटकळत ठेवायचं नाही. अंग गार पडतं आणि पुढच्याच उडीला स्नायू दुखावतो. दिवे आमच्यापैकी कुणीतरी जागेवर उभं राहून लावतो, मग नर्तकाला अंग गरम करायला वेळ देतो. काँक्रीटच्या जमिनीवर उड्या नाहीतच. जागा कितीही देखणी असो, तिथली उडी आम्ही आराखड्यातूनच काढतो.

सध्या चादरीच्या घडीवर काम चालू आहे. मोठ्या चादरीची घडी दोघांनी मिळून घालायची असते. जोडीदार गेल्यावर ती एकट्याने कशी घालायची, एवढाच विषय. नर्तकी साठीच्या आहेत. तालमीत त्यांनी चादरीचा मध्य हनुवटीखाली धरला, दोन्ही हात लांबवले आणि समोरचं टोक धरायला कुणी नाही म्हणून तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ उभं राहायचं हे अजून ठरलेलं नाही. भागीदार म्हणते आठ सेकंद, मला बारा हवेत. उद्याच्या तालमीत दोन्ही करून पाहणार आहोत.