कसारा घाटातून गंगापूर धरणावर: पहिली जेट बोट ओढून नेणाऱ्यांसाठी

जेट बोट, म्हणजे पंख्याऐवजी पंपाने पाण्याचा झोत मागे फेकून पळणारी बोट, घेणारा पहिल्या दिवशी इंजिनाच्या ताकदीबद्दल विचारतो. ट्रेलरच्या बेअरिंगबद्दल कुणीच विचारत नाही. मुंबईच्या खाऱ्या पाण्यात वापरलेली एक 19 फुटी बोट दिवाळीनंतर नाशिकला आणली, तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की बोटीचं बहुतेक नुकसान रस्त्यावर आणि काठावर होतं. त्यामुळे या वृत्तांतात पाण्यापेक्षा रस्ताच जास्त येईल.

बोट मेहुण्याची, ओढायला माझी डिझेल पिकअप. निघण्याआधी त्याने कागदपत्रांचा छडा लावला होता आणि ते फार बरं झालं. यांत्रिक बोटीला अंतर्देशीय जहाज कायदा 2021 खाली नोंदणी आणि तपासणी लागते, आपल्याकडे त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे जावं लागतं. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतं, म्हणून तिथली परवानगी वेगळी. ट्रेलरही वाहनच आहे, त्याची आरटीओ नोंदणी आणि नंबर प्लेट हवी. हे तिन्ही हातात आल्याशिवाय बोटीचा व्यवहार पुरा करू नका. गंगापूर धरणातून नाशिक शहराला पिण्याचं पाणी जातं, तेव्हा तिथे कुणी अडवून विचारपूस केली तर ती रास्तच आहे.

भिवंडी बायपासला लागण्याआधी आम्ही ट्रेलर धर्मकाट्यावर घेतला. हे काम प्रत्येकाने करावं. आधी ट्रेलर गाडीला जोडलेला असताना फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्यायची आणि वजन लिहून ठेवायचं. मग ट्रेलर सोडवून, पुढच्या छोट्या चाकासकट सगळा काट्यावर उभा करायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, येणारा भार. एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार हिचवर असावा. तो कमी पडला की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो आणि मग गाडीच ट्रेलरच्या मागे ओढली जाते. आमचं एकूण वजन दीड टनाच्या आसपास भरलं आणि हिचवर जेमतेम 90 किलो. मागच्या कप्प्यातला नांगर, दोर आणि हत्यारांची पेटी पुढे घेतली, विंचचा (बोट पट्ट्याने ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरख्याचा) खांब थोडा पुढे सरकवला, तेव्हा भार 140 पर्यंत आला. काट्यावरच्या माणसाने तीनदा वजन करून दिलं, कुरकूर केली नाही.

तिथेच ट्रेलरच्या एका हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंग बसवलेल्या भागाचं, टोपण उघडून पाहिलं. आतलं ग्रीस पातळ पिठल्यासारखं पांढुरकं झालं होतं. बेअरिंगमध्ये पाणी गेल्याची याहून स्पष्ट खूण नाही. विकणाऱ्याने 'सर्व्हिस केलेला ट्रेलर' म्हणून दिला होता. हे का होतं ते समजून घ्या. रस्त्यावर धावून हब तापलेला असतो. तसाच तो थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. खारं पाणी असेल तर थोड्याच महिन्यांत बेअरिंगला गंज धरतो. आम्ही दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि सील बदलून घेतली, मरीन ग्रीस भरलं आणि जुन्या बेअरिंगमधलं त्यातल्या त्यात बरं एक सुटं ठेवलं. वाटेत बेअरिंग गेलं तर जवळच्या गॅरेजपर्यंत रखडत पोहोचायला तेवढं पुरतं. जॅक ट्रेलरच्या अ‍ॅक्सलखाली बसतो का आणि पान्हा ट्रेलरच्या नटांना लागतो का, हे घरीच बघून घ्या. गाडीची हत्यारं ट्रेलरला चालतीलच असं नाही.

बोट बांधताना नुसत्या पुढच्या विंचवर भरवसा ठेवू नका. विंचच्या पट्ट्याशिवाय पुढच्या कडीला एक वेगळी साखळी हवी आणि मागच्या दोन्ही कड्यांना रॅचेटचे पट्टे हवेत. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात फडफडत नाही. कपलरखालच्या (हिचवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाखालच्या) सुरक्षा साखळ्या एकमेकींवर फुली मारून लावायच्या. कपलर निसटलाच तर ट्रेलरचं नाक त्या फुलीवर तोलतं, रस्त्यावर आपटत नाही. निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरला थांबा आणि सगळे पट्टे, चाकांचे नट पुन्हा आवळा. आमचा डावा पट्टा पडघ्याच्या टोल नाक्यापर्यंत चांगला बोटभर ढिला झाला होता.

प्रत्येक थांब्यावर दोन्ही हबला तळहाताची मागची बाजू लावून बघायची. कोमट लागलं तर ठीक. हात टेकवत नसेल, किंवा एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल, तर पुढे जायचं नाही. शहापूरला दोन्ही सारखेच लागले आणि मेहुण्याचा चेहरा खुलला.

कसारा घाट चढताना डावी लेन धरा, एसी बंद करा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. ट्रक आपल्यापेक्षा हळू चढत असला तरी त्याला ओलांडायचा मोह नको. ट्रेलरसह गाडीची लांबी दुप्पट झालेली असते, ओलांडून परत लेनमध्ये यायला जागा मिळत नाही. आम्ही सपाटीवरही साठच्या पुढे गेलो नाही. उतरणीचा विचार त्याहून जास्त करायला हवा. नाशिकहून मुंबईकडे बोट नेणार असाल तर घाटमाथ्यावरच खालचा गिअर टाका आणि इंजिनाच्या ब्रेकवर उतरा. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापून ऐन वळणावर दगा देतो.

इगतपुरी, घोटी, विल्होळी सरळ पार पडलं. बोट घेऊन द्वारका चौकात शिरू नका, अंबड-सातपूरकडून गंगापूर रस्त्याला निघा. शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोहोचा. दुपारनंतर वाईनरीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, त्यात गिरणारेकडून क्रेट भरलेल्या पिकअप येत असतात, आणि आठ फूट रुंद बोट घेऊन त्या रस्त्यावर मागे येणं अवघड होतं.

ट्रेलर रिव्हर्स घेण्याचा सराव धरणावर करू नका. एखादं मोकळं मैदान गाठा. स्टिअरिंगच्या तळाशी एक हात ठेवा. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं, उजवीकडे नेला की उजवीकडे. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मा गोंधळ संपतो. मेहुण्याने आडगावच्या एका मोकळ्या प्लॉटवर दोन विटांच्या मधून ट्रेलर नेण्याचा सराव केला होता, म्हणून परवानगीत नेमून दिलेल्या उतारावर तो पहिल्या झटक्यात सरळ आला.

उतारावर पोहोचलात की अर्धा तास काहीच करू नका. हब थंड होऊ द्या. तेवढ्यात कव्हर काढा, मागचे पट्टे सोडा, ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढा आणि बूच लावा. बूच हे बोटीच्या मागच्या भिंतीतलं पाणी काढायचं भोक बंद करतं, आणि ते लावलंय का हे दोघांनी स्वतंत्रपणे हात लावून बघायचं. आम्ही गाडीच्या किल्लीलाच बुचाची पिशवी बांधतो. पुढची साखळी आणि विंचचा पट्टा मात्र बोट पाण्याला लागेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर उतारावरच बोट मागे घसरते.

आता जेटबद्दल. 1954 मध्ये न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी ही रचना यशस्वी केली. 1977 मध्ये एडमंड हिलरी याच जातीच्या बोटी घेऊन गंगेतून वर निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्यापाशी थांबले. हे ऐकून नव्या मालकाला वाटतं की जेट बोट वीतभर पाण्यातही चालते. वेगात पृष्ठभागावर उचललेली बोट उथळातून निघून जाते, हे खरं. पण उभी बोट सुरू करताना पंप तळातून जोराने पाणी ओढतो आणि पाण्याबरोबर वाळू, गोटे, गवत सगळं आत घेतो. त्याने इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्राच्या, पात्यांना खाचा पडतात आणि भोवतीचं कडं, म्हणजे वेअर रिंग, खरवडलं जातं. त्या दोघांतली फट वाढली की इंजिन ओरडतं आणि बोट पळत नाही. म्हणून बोटीच्या तळाखाली किमान तीन फूट पाणी होईपर्यंत थ्रॉटल द्यायचा नाही. तोवर वल्हं मारा, नाहीतर पाण्यात उतरून ढकला.

गंगापूरच्या फुगवट्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काठाने शेतकऱ्यांच्या उपसा पंपांचे पाइप आणि केबल असतात, आणि मधे मच्छीमारांची जाळी. निघण्याआधी काठावरच्या माणसांना विचारा. आम्हाला एका काकांनी हात करून थांबवलं, "भाऊ, त्या अंगाला नका जाऊ, जाळे टाकेल आहेत." त्यांच्या जाळ्याचं नुकसान आपल्या पंपाच्या नुकसानापेक्षा मोठं असतं, कारण त्यावर त्यांचं घर चालतं.

पंपात काही अडकलं तर इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही आणि बोट थरथरते. ताबडतोब इंजिन बंद करून किल्ली काढा, हाताला बांधलेली, ओढली की इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरीही काढा, आणि मगच मागच्या झाकणातून किंवा पंपाच्या खालच्या जाळीतून अडकलेलं हाताने काढा. रिव्हर्स टाकून ते बाहेर पडेल अशी आशा नको. बहुतेक जेट बोटींत रिव्हर्स म्हणजे झोताच्या तोंडावर येणारी बादली असते, पंप मात्र त्याच दिशेने फिरत राहतो. इंजिन चालू असताना बोटीच्या मागे पाण्यात कुणीही नको.

आणि ही गोष्ट घरच्या प्रत्येकाला शिकवा: थ्रॉटल सोडला की वळवण्याची ताकद जाते. समोर काही आलं की माणूस आपोआप थ्रॉटल सोडतो आणि बोट नाकासमोर सरळ जात राहते. वळायचं असेल तर थोडा थ्रॉटल ठेवूनच वळावं लागतं. मोकळ्या पाण्यात तरंगता डबा टाकून मुलांकडूनही हे करून घ्या.

परतल्यावर इंजिन धुताना क्रम चुकवू नका. आधी इंजिन सुरू, मग नळ. संपवताना आधी नळ बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. पंपाच्या सीलला त्या वेळी पाणी मिळत नसतं, म्हणून हे काम काही मिनिटांतच उरका. समुद्रातून गोड्या पाण्यात आलेल्या बोटीचे जस्ताचे अ‍ॅनोड (बोटीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारे तुकडे) बदलून अ‍ॅल्युमिनियमचे घ्या, कारण गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी बोट आणि ट्रेलर पूर्ण वाळवा, पंपाच्या जाळीत अडकलेली वनस्पती उचलून टाका. जलपर्णीने गोदावरीचे काय हाल केलेत ते नाशिककर रोज बघतात. बिल्जमधलं (बोटीच्या तळाशी साचणारं) तेलकट पाणी धरणात सोडू नका, डब्यात भरून परत न्या.

पेट्रोलचंही सांगतो. बहुतेक बोटींच्या हँडबुकात 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं असं लिहिलेलं असतं आणि पंपावर आता 20 टक्क्यांचं मिळतं. आपल्या इंजिनाबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. पावसाळ्यात, धरणातून विसर्ग सुरू असताना आणि रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढत असताना, बोट घरीच असते. तेव्हा नाक उंच, बूच काढलेलं, बॅटरी सोडवलेली, कव्हरला हवा जायला जागा आणि ट्रेलरची चाकं ठोकळ्यांवर उचललेली ठेवा. उंदरांनी वायर कुरतडल्यात का ते गणपतीत एकदा बघून या.