हवालदार मामा

शाळेच्या जयंतीनिमित्तच्या या स्मरणिकेत गुरुजनांविषयी लिहिणारे पुष्कळ जण असतील आणि ते योग्यच आहे. मी मात्र आमच्या शिपाईमामांविषयी लिहिणार आहे. आमच्या १९८९च्या दहावीच्या तुकडीला सरळ रांगेत उभं राहायला शिकवलं ते त्यांनी.

मामा मूळचे साताऱ्याकडचे, मिलिटरी अपशिंगेजवळच्या एका गावचे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, सतरा वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनीत आले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. जवानाचं असंच असतं. भर उमेदीत पेन्शन, आणि मुलं शाळेत असल्यामुळे लगेच दुसऱ्या नोकरीचा शोध. मेहुणा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामाला होता, म्हणून मामा बायकोमुलांना घेऊन किसननगरच्या चाळीत आले आणि आमच्या शाळेत लागले.

लढाईचं आपणहून बोलत नसत. १६ डिसेंबरला, म्हणजे बांगलादेश युद्धाच्या विजयदिनी, आम्हीच त्यांना मधल्या सुट्टीत गाठायचो. मग एकदा सुरू झाले की घंटेची वेळ होईपर्यंत थांबत नसत. १९७१ साली त्यांची पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसली. १० डिसेंबरच्या रात्री जमालपुरातलं पाकिस्तानी सैन्य वेढा फोडून निघायला आलं, ते मराठ्यांनी तिथंच रोखलं. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाइलला २ पॅरा या छत्रीधारी पलटणीचे जवान विमानातून उतरले, तीही मूळची मराठा पलटण. या दोघांची गाठ पडली ते सांगताना मामांचा आवाज चढायचा. "परक्या मुलखात, काळोखात मराठीत हाक ऐकू आली रे! थंडी पळाली सगळी."

पण गोष्ट तिथं संपत नसे. शेवटी मामींचं नाव यायचंच. "मी तिकडं होतो तेव्हा थोरला तिच्या पोटात होता. शेत, गुरं, म्हातारा-म्हातारी, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. 'पूर्वी स्टार' हे पदक मात्र माझ्या छातीवर लागलं." आम्हाला तेव्हा रणगाडे आणि तोफा ऐकायच्या असत, हे वाक्य कानावरून जायचं. आज मला वाटतं, मामांनी सांगितलेल्या सगळ्यात तेच खरं मोलाचं होतं. कारण पेन्शनीत आल्यावर त्यांनी त्याच वाक्याला धरून संसार केला. "सतरा वर्षं तिनं ड्यूटी केली. आता गार्ड बदली," असं ते म्हणायचे.

पहाटे सार्वजनिक नळावर हंडे घेऊन बायकांच्या रांगेत हा एकटा पुरुष उभा असायचा. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या वेण्या सगळ्या शाळेत उठून दिसत. भांग नाकाच्या रेषेत, दोन्ही वेण्या कानांमागे एका उंचीवर दुमडून बांधलेल्या, लाल रिबिनीची फुलं अगदी सारखी. त्या मामा घालून द्यायचे. तिला दाराच्या उजेडात बसवायचं, रिबिनीचं एक टोक दातांत धरायचं आणि पेड ओढून घ्यायचे. तेल लावून दिलं की मामी मोकळ्या हातांनी शेजारी चहा पीत बसलेली. हे मी त्यांच्या घरी अभ्यासाला जायचो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं आहे.

तीच नजर २६ जानेवारीच्या संचलनाला. कोणाकडे पांढरे कॅनव्हास बूट नाहीत हे त्यांना न विचारता कळायचं. आदल्या दिवशी शाळा सुटली की त्या मुलांना थांबवून घ्यायचे. कुठून तरी जुने बूट आणलेले असत. खडू पाण्यात भिजवून त्याचा लेप चिंध्यांनी बुटांवर द्यायचे, खिडकीत वाळत ठेवायचे. सकाळी मैदानावर कोणाचे बूट कुठले, हे कोणाला ओळखू यायचं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. माजी सैनिकांच्या दवाखान्यात त्यांना नेणं-आणणं, आंघोळ, भरवणं, सगळं मामांनी हाती घेतलं. मुलं-सुना हाताशी होत्या, तरी वेणीफणी त्यांचीच. जरा पावलं पडू लागली तसे रोज संध्याकाळी रायलादेवी तलावाकडे घेऊन जायचे. एक हात मामींच्या कमरेला, आणि हळू आवाजात "एक दो एक, एक दो एक". मी एकदा दुरून हाक मारली, तर मान न वळवता म्हणाले, "थांब जरा, ही फेरी पुरी होऊ दे." मामी काठी टेकत का होईना, आपल्या पायांनी चालू लागल्या.

गेल्या वर्षी मामा गेले. मामी आहेत, त्याच घरी, लेकीजवळ.

आमच्या तुकडीतर्फे जयंती समितीला एक विनंती करतो. या वर्षी २६ जानेवारीला शाळेतला झेंडा मामींच्या हस्ते फडकवावा. त्यांना आणायला-पोचवायला गाडी आम्ही पाठवू, मैदानावर खुर्चीचीही सोय करू. मी लेकीशी बोललो आहे. मामींनी होकार दिला आहे, फक्त खुर्ची नको म्हणाल्या आहेत.