चित्रं का सोडलीत, विचारता म्हणून

दर वर्षी व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाउस’ या कादंबरीचा शेवटचा तास संपला की कुणीतरी दाराशी रेंगाळतं. वर्ग रिकामा झाला की प्रश्न येतो : "मॅडम, त्यातल्या चित्रकार लिली ब्रिस्कोबद्दल एवढं बोलता, तुम्ही स्वतः चित्रं काढायचात ना? का सोडलीत?" आता ओळखीपाळखीतलेही विचारतात. परवा एका लग्नात, वाढपी जिलबी घेऊन उभा असताना विचारलं. मी म्हटलं, वेळ कुठे मिळतो. खोटं बोलले. वेळ होता.

आणि हेही सांगून टाकते. माझ्या भावाने तबला सोडला त्याला 25 वर्षं झाली. विशारदपर्यंत गेला होता. त्याला हा प्रश्न आजवर एकानेही विचारलेला नाही.

तुम्हाला खलनायक हवा असतो. कादंबरीत तो आयता आहे : चार्ल्स टॅन्सली. बायकांना चित्रं काढता येत नाहीत, लिहिता येत नाही, असं लिलीच्या कानाशी पुटपुटणारा. मुलांना तो फार आवडतो, कारण त्याच्यावर चिडणं सोपं. मला टॅन्सली भेटलाच नाही. माझे पहिले रंग वडिलांनीच आणले, तेही चांगल्यातले. आणि टॅन्सलीला लिली तशी पुरून उरते. जेवणाच्या टेबलावर तिला सुचतं की चित्रातलं झाड आणखी मधे घ्यायला हवं, आणि विसरू नये म्हणून ती मीठदाणी टेबलक्लॉथच्या नक्षीवर सरकवून ठेवते. (त्याच जेवणात यजमानीण मिसेस रॅम्झेंच्या नुसत्या नजरेखातर ती त्याच टॅन्सलीशी गोड बोलते. हे मात्र पेपरात कुणी लिहीत नाही.)

खरी पंचाईत तिसऱ्या भागात. दहा वर्षं लोटलीत, मिसेस रॅम्झे वारल्या आहेत, 44 वर्षांची लिली हिरवळीवर ईझल मांडून उभी आहे आणि मिस्टर रॅम्झे येरझारा घालताहेत. त्यांना सहानुभूती हवी आहे. तोंडाने मागत नाहीत, येऊन उभे राहतात, उसासे टाकतात. लिली रागात भलताच ब्रश उचलते. यांची बायको देत देत मेली, आता माझ्याकडे आले! तिला काही केल्या देता येत नाही. शेवटी तोंडून निघतं काय, तर किती छान आहेत तुमचे बूट!

पूर्वी मी वर्गात ठणकावून सांगायचे : हे बूट म्हणजे लिलीचा विजय. काळीज मागायला आलेल्या माणसाची तिने चामड्यावर बोळवण केली. पुराव्याला वुल्फची मोठी बहीण, चित्रकार व्हनेसा. 1897 मध्ये सावत्र बहीण स्टेला गेली आणि घर हिच्या गळ्यात पडलं. दर बुधवारी ती हिशेबाची वही घेऊन वडिलांपुढे उभी राहायची. ते कण्हायचे, हिने दोन शब्द बोलावेत म्हणून वाट पाहायचे, आणि ही दगडासारखी गप्प. 1904 मध्ये वडील गेले. 1928 च्या डायरीत व्हर्जिनिया लिहिते की आज ते 96 वर्षांचे असते, आणि तसं झालं असतं तर आपल्या हातून एकही पुस्तक झालं नसतं. हे सांगताना माझा आवाज चढायचा.

आई गेली तेव्हा मी 38 ची होते. माडीवरची खोली माझी, रविवारी सकाळी सात ते अकरा तिथे कुणी यायचं नाही, हे घरात ठरलेलं. चौथ्या महिन्यात एका रविवारी बाबा जिना चढून आले आणि उंबऱ्याशी उभे राहिले. मी कागद भिजवून आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सोडला होता. ओला वॉश माणसासाठी थांबत नाही, कड वाळली की डाग बसतो.

"पाऊस येईलसं वाटतंय," बाबा म्हणाले.

"हं."

"तुझी आई असती तर म्हणाली असती, वाळवणं आत घ्या."

त्या वर्षी वाळवणं घातलीच नव्हती. मला सगळं कळत होतं. आणि कळत असतानाच मला लिली आठवली, खरंच आठवली. मान न वळवता मी म्हटलं, "बाबा, अर्धा तास द्या मला."

"हो हो, चालू दे तुझं." एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ते उतरले.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. मी उठले नाही. दूध आहे हे कळलं, आणि मी आकाश पुरं केलं. चांगलं झालं ते.

अकराला खाली गेले तर बाबा मोरीपाशी, बाह्या दुमडून, पातेलं तारेने घासताहेत. जेवलेलं ताटही उचलताना मी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं, ते. "निघतंय बघ, थोडंच राहिलंय," म्हणाले. ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले होते, बशांसकट.

पातेलं मी हातातून घेतलं. पुढच्या रविवारी वर गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. "आज वर नाही का जायचं?" असं बाबांनीच दोनदा विचारलं.

तेव्हा ‘वडिलांसाठी कलेचा त्याग’ वगैरे म्हणू नका, हात जोडते. चिडत चिडत चहा केलाय मी, ते जाईपर्यंत. भाऊ महिन्यातून एकदा पुण्याहून यायचा, बाबा त्याला प्रवास कसा झाला विचारायचे. त्याच्या दाराशी जाऊन उभं राहावंसं त्यांना कधी का वाटलं नाही? मी बिनलग्नाची, म्हणून माझी माया म्हणजे चौकातला नळ? हा राग मी सोडलेला नाही.

पण अलीकडे शिकवताना एका जागेशी अडखळते, जिच्यावरून मी इतकी वर्षं भरभर पुढे जात होते. बुटांचं कौतुक ऐकून मिस्टर रॅम्झे खुलतात. नाडीची गाठ कशी मारायची ते दाखवायला लिलीच्याच बुटाची नाडी तीनदा बांधतात, तीनदा सोडतात. ते असे तिच्या पायाशी वाकलेले असताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. जे देता येत नव्हतं ते आता आलेलं असतं. तेवढ्यात त्यांची मुलं येतात, आणि ते दीपस्तंभाकडे निघून जातात. त्यांना आता ते नको असतं.

माझ्या जुन्या टिपणांतला ‘विजय’ मी खोडला. ‘हार’ लिहून पाहिलं, तेही बसेना, कारण त्यानंतरच ती चित्र पुरं करते, मिस्टर रॅम्झे होडीतून पार पलीकडे पोचल्यावर. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या-माझ्यातही आता अंतर भरपूर आहे. मग?

आपली चित्रं माळ्यावर नाहीतर सोफ्याखाली जातील, असं लिलीला वाटत असतं. माझं आकाश कपाटाखाली आहे, गुंडाळून. एकही डाग नाही त्यावर. खालचा अर्धा कागद कोरा आहे, तिथे टेकडी यायची होती.