भितले वारा लागू दे

आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या मागच्या भिंतीला गेल्या वर्षी सिमेंटचा गिलावा केला. यंदा पावसाळा सरता सरता तो हातभर पोपड्यांनी सुटला. आतली वीट बोटाने खरवडली तर भुगा होतो. आता त्यावर पुन्हा सिमेंटच चढवायचं घाटतंय, म्हणून हे लिहिते आहे.

त्या इमारतीत आमचं ग्रंथालय आहे. कमरेएवढं काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेली दोन फूट जाडीची विटांची भिंत, दक्षिणेला सागवानी खांबांची रुंद पडवी आणि माथ्यावर मंगलोरी कौलं. खिडक्यांच्या वर, छताजवळ, झडपा ठेवल्या आहेत, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा नव्या स्लॅबच्या वर्गातली मुलं पुस्तकं घेऊन आमच्याकडे येतात. मुलांना वास्तुशास्त्र कळत नाही, गारवा कळतो.

खान्देशात शिक्षणाच्या अशा जागा कापसाच्या पैशातून उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही. अमळनेरला गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था काढली. साने गुरुजी तिथे शिकायला आले आणि मग १९३० पर्यंत अमळनेरच्याच हायस्कूलमध्ये शिकवत राहिले. प्रताप कॉलेज १९४५ चं. मोठ्या शहराची वाट न पाहता तालुक्याच्या गावात ज्ञानाची घरं बांधणारी ती माणसं होती, आणि आमची इमारत मला त्याच गोतातली वाटते.

माझे मामा गवंडी. बैलाच्या घाणीवर मळलेला चुना त्यांनी लहानपणी पाहिलाय. पोपडे दाखवले तेव्हा ते अहिराणीत म्हणाले, "पोरी, भितले वारा लागू दे, मंग ती आपोआप सुकस." म्हणजे भिंतीला वारा लागू दे, मग ती आपोआप सुकते. काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि ती ओल जुन्या भिंतीत चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर निघून जाते. सिमेंट तिची वाट अडवतं. मग ओल आणखी वर सरकते, क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, लोणा, म्हणजे त्या क्षारांचा पांढरा थर, लागतो आणि वीट आतून पोखरते. वरून भिंत मात्र गुळगुळीत, नवी दिसते. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

मामांच्या मते आधी जोत्याजवळ साचलेली माती काढून पन्हळीचं पाणी लांब न्यावं, सिमेंट हलक्या हाताने उतरवावं, भिंतीला एक उन्हाळा उघडं ठेवावं आणि मगच चुना लावावा. खर्च फार नाही, पण वेळ लागतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आपल्या भागात अजून आहेत, फक्त म्हातारे झालेत. तुमच्या गावात कोणी असेल तर मला कळवा. अंदाजपत्रक मंजूर व्हायच्या आत त्यांना ही भिंत दाखवायची आहे.