मोजपट्टीशिवाय रुंदी

“दिसत नाही, तर रुंदी कशी सांगता?” ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या जाड कार्बनच्या पत्र्याच्या, नॅनोफितींवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमची नेहमीची फीत पाऊण नॅनोमीटर रुंद. आडव्या मोजल्या तर कार्बनच्या सात ओळी, कडांना हायड्रोजन. सोन्याच्या पृष्ठभागावर रेणूला रेणू जोडत ती घडते. ही पद्धत २०१० साली पुढे आली. रुंदी ओळखायला आम्ही तिच्यावर लेझर टाकतो. त्याचा ठिपका मात्र साधारण एक मायक्रोमीटरचा, त्यात ढीगभर फिती एकदम येतात. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, आम्ही अख्ख्या भातावरून शीत ओळखतो.

५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकला की विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश होता तसाच परततो. अगदी किंचित प्रकाश फितीला हलवून, थोडी ऊर्जा तिच्याकडे ठेवून येतो. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ मध्ये द्रवांत टिपला तो हाच परिणाम. फीत छाती फुगवल्यासारखी आडवी रुंदावते, आवळते. परतलेल्या प्रकाशाच्या आलेखात सात ओळींच्या फितीचा हा श्वास ३९६ वेव्हनंबरच्या (प्रकाशाने किती ऊर्जा गमावली त्याचं माप) आसपास शिखर म्हणून सापडतो. म्हणजे ५३२ चा प्रकाश ५४३.४ होऊन बाहेर पडतो. नऊ ओळी असतील तर शिखर ३११ च्या जवळ. फीत जितकी रुंद, तितका श्वास संथ. झाली रुंदी!

लेझर मात्र फितीला मानवणारा हवा. नऊ ओळींची फीत ७८५ नॅनोमीटरच्या लेझरला छान बोलते, हिरव्याला फारशी दाद देत नाही. सिग्नल नाही म्हणून फीतच नाही असं समजून चांगला नमुना टाकून देणारे मी पाहिलेत.

दुसरा घोळ त्याच आलेखातल्या ‘डी’ नावाच्या शिखराचा. १३४० च्या जवळ ते दिसलं की ग्राफीनवाले लगेच “दोष!” म्हणतात. अहो, सलग ग्राफीनच्या पत्र्यात तो दोष. इथे फीत म्हणजे जवळजवळ नुसत्या कडाच. निर्दोष फितीलाही डी असतो, आणि त्याच्या अलीकडे कडांवरच्या हायड्रोजनची शिखरंही. मला त्या शिखरांचं नसणंच जास्त खटकतं.

एकदा सिग्नल क्षीण म्हणून मी उघड्या हवेतच लेझरची पॉवर वाढवली. तिसऱ्या स्कॅनला ३९६ चं शिखर बसलं. १६०० जवळचं, कार्बनच्या जाळीचं ‘जी’ शिखर मात्र उभंच, थोडं पसरट झालेलं. कार्बन जागेवर होता, फीत गेली होती. तेव्हापासून नमुना निर्वात कक्षात, पॉवर कमी आणि ठिपका सतत सरकता.

“मग एसटीएमनेच का बघत नाही?” एसटीएम म्हणजे बारीक टोकातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक. फीत सोन्यावर असेपर्यंत बघतोच, अणूसुद्धा दिसतात. पण ट्रान्झिस्टर करायचा तर फीत सोन्यावरून उचलून ऑक्साइडवर ठेवावी लागते, आणि अशा विद्युतरोधकावर एसटीएमचं काही चालत नाही. म्हणून उचलून ठेवली की आधी रामन, म्हणजे हीच लेझरची तपासणी. ३९६ जागेवर दिसलं, तरच इलेक्ट्रोड जोडायला घेते.