४०० म्हणजे मुंबई नव्हे

घरपोच दूध-भाजी देणाऱ्या ॲपची मी टेस्टर. गेल्या गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला आमच्या सपोर्टच्या मुलीचा फोन आला. "ताई, नौपाड्याच्या एक आजी दुपारपासून दूध-भाजीची वाट बघतायत. ॲप 'आजच मिळेल' दाखवतंय, पण ऑर्डर कुठल्याच रायडरला लागत नाहीये."

'आजच डिलिव्हरी' हे फीचर आम्ही फक्त मुंबईत सोडलं होतं, फ्लॅगमागे, म्हणजे कुणाला दिसेल ते नियमांनी ठरवणाऱ्या चालू-बंद बटणामागे, २० टक्के ग्राहकांना. नौपाडा ठाण्यात. आमचे रायडर मुलुंडच्या पुढे जात नाहीत.

मी ठाण्याचा पत्ता टाकून पाहिला. फीचर दिसेना. डेव्हलपरलाही दिसेना. "अगं, रँडम आहे, कॅशे असेल," तो म्हणाला. हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. टक्केवारीच्या रोलआउटमध्ये, म्हणजे फीचर ठरावीक टक्के ग्राहकांनाच सोडताना, रँडम काही नसतं. ग्राहकाचा आयडी आणि फ्लॅगचं नाव यांच्या हॅशवरून, म्हणजे दर वेळी तेच उत्तर देणाऱ्या गणितावरून, ० ते ९९ मधला एक आकडा ठरतो. तो २०च्या आत आला की त्या माणसाला फीचर दर वेळी दिसणार. आजी आत होत्या, आम्ही दोघं बाहेर. स्टेजिंगवर, म्हणजे ॲपच्या चाचणीच्या प्रतीवर, टक्केवारी १०० केली आणि लगेच दिसलं.

फ्लॅगमध्ये मुंबई ओळखायचा नियम होता: पिन ४०० ने सुरू होतो. पण पिनचे पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, महापालिकेची हद्द नाही. मुलुंड पश्चिम ४०००८०, आणि ठाणे ४००६०१, वाशी ४००७०३, ऐरोली ४००७०८. मीरा रोड मात्र ४०१ मध्ये जातं. टेस्ट केसेस माझ्याच होत्या. अंधेरी, दादर, बोरिवलीला चालू, पुणे-नाशिकला बंद. सगळ्या पास. हद्दीलगतचा एकही पिन मी घेतला नव्हता. मी स्वतः राहते ४००६०२ मध्ये, रोज लोकलने ती हद्द दोनदा ओलांडते. तरी सुचलं नाही, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

एवढ्यात प्रॉडक्ट मॅनेजरने परस्पर 'ठाणे वगळा' असा नियम सगळ्यात खाली जोडला. नियम वरून खाली तपासतात आणि जो पहिला जुळेल तोच लागतो. ठाण्याचा पिन वरच्या ४०० लाच अडकत होता, खालपर्यंत पोचतच नव्हता. त्या वेळी फ्लॅग सरळ बंद करायला हवा होता, एका क्लिकचं काम. ते व्हायला आठ वाजले. आमच्याकडे कोडची एक ओळ बदलायला दोघांची मंजुरी लागते, आणि हजारो लोकांना काय दिसेल हे ठरवणारा नियम कुणीही एकटा बदलू शकतो. हे चूक आहे, आणि मी ते आधीही दोनदा मांडलं होतं.

आजींना मीच फोन केला. "बाळा, नाही म्हणाला असतात तर मी खाली जाऊन आणलं असतं," त्या म्हणाल्या.

आता नियमात पिनची पूर्ण यादी आहे. लोकेशन बंद असेल तर पिन रिकामा येतो. प्रॉडक्टवाले म्हणतात, अशांना फीचर दाखवा. मी नाही म्हणतेय. सोमवारी पुन्हा बसायचंय.